स्टाइनपिल्त्स ओळखायचा तर आधी उलटा करा

उन्हाळा सरत आला की इथल्या मराठी मंडळींचे फोटो यायला लागतात. जंगलात उगवलेली तपकिरी टोपी, वरून काढलेली, आणि खाली प्रश्न: ‘ताई, हा खायचा का?’ वरून काढलेल्या फोटोवर मी काहीच सांगत नाही. मी कूरला राहते, स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन कॅन्टोनमध्ये (कॅन्टोन म्हणजे इथलं राज्य). लेन्झरहाइडेच्या वरच्या स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांच्या, जंगलात आमचं जाणं-येणं नेहमीचं. म्हणून एकाच अळंबीबद्दल लिहिते, ती म्हणजे स्टाइनपिल्त्स. इटालियन दुकानात पोर्चिनी म्हणून सुकवलेली मिळते तीच. शास्त्रीय नाव बोलेटस एड्युलिस.

जुलै ते ऑक्टोबर हा तिचा काळ. चांगला पाऊस पडून गेला आणि पुढचा आठवडा-दहा दिवस हवा उबदार राहिली की जायचं. स्प्रूसच्या मुळांशी तिचं देणं-घेणं असतं. झाडाकडून साखर घ्यायची आणि त्याला पाणी-खनिजं द्यायची. म्हणून उघड्या कुरणात शोधू नका. शेवाळ, पडलेल्या सुया, ब्लूबेरीची झुडपं, पायवाटेची कड इथे बघा. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी अळंबी दिसली तर तिला हात लावू नका, पण आजूबाजूला नजर टाका. दोघींना झाडं आणि आम्लधर्मी माती बरीचशी सारखीच लागते.

सापडली की सुरीने वरच्या वर कापू नका. बुंध्याशी धरून हलकेच पिळत अख्खी उपटा आणि उलटी करा. टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखे उभे पडदे असतील तर विषय संपला, तिथेच सोडा. स्टाइनपिल्त्सच्या टोपीखाली बारीक छिद्रांचा स्पंज असतो. तो कोवळेपणी पांढरा, मग पिवळा आणि जून झाल्यावर हिरवट. बोटाने दाबा, रंग बदलता कामा नये. स्पंज लाल किंवा नारिंगी असेल तर घेऊ नका. सैतानी बोलेटस त्यातलीच. ती चुनखडीच्या मातीत, बीच-ओकच्या झाडांखाली येते, इतक्या उंचावर सहसा भेटत नाही, पण नियम पाळा. दाबल्यावर निळं पडणारं सगळं विषारी नसतं. तरी पहिली काही वर्षं तेही सोडलेलंच बरं.

आता देठाकडे या. खरी परीक्षा इथे आहे, कारण फसवणारी बहीण स्पंजवालीच आहे. तिचं नाव गालेनरोरलिंग, आणि ती वाढते त्याच स्प्रूसखाली. कोवळी असताना तिचाही स्पंज पांढराच. गुलाबी झाक नंतर येते. त्यामुळे छोट्या अळंबीत स्पंजावर भरवसा ठेवू नका, देठाचा वरचा भाग डोळ्यांजवळ आणा. स्टाइनपिल्त्सवर फिक्या तपकिरी देठावर बारीक पांढरी जाळी असते, टोपीच्या लगत सगळ्यात स्पष्ट. गालेनरोरलिंगची जाळी गडद तपकिरी, जाड आणि उठावदार, बोट फिरवलं तर खडबडीत लागते. एवढं करूनही शंका राहिली तर टोपीचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकाला लावून थुंका. गालेनरोरलिंग असेल तर कारल्याला कडू म्हणणं विसराल. विषबाधेने कोणी दगावत नाही, पण एक तुकडा अख्खं पातेलं वाया घालवतो. ही जिभेची चाचणी फक्त लाल नसलेल्या, निळ्या न पडणाऱ्या स्पंजवाल्यांसाठी. इतर कुठल्याही अळंबीवर करायची नाही.

शेवटी उभी चिरा. गर पांढरा, आणि चिरल्यावर पांढराच राहायला हवा. टोपीच्या सालीखाली एक पुसटशी लालसर रेघ दिसते, ती असायचीच. किडे आहेत का तेही इथेच कळतं. स्पंज हिरवा होऊन लिबलिबीत झाला असेल तर ती जंगलालाच राहू द्या.

आपल्याकडची काही मंडळी कोकणातला अनुभव घेऊन येतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी लहानपणापासून ओळखत असतात. ती पडदेवाली असते. इथल्या जंगलात पडदेवाल्यांमध्ये मृत्युटोपी आहे, ॲमनिटा फॅलॉइडीज, आणि तिचं विष शिजवून जात नाही. ‘गोगलगाईने खाल्लंय, म्हणजे चालेल’, ‘चांदीचा चमचा काळा पडला नाही’ या गोष्टींना काडीचा अर्थ नाही. गोगलगाई तिलाही खुशाल खातात. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. मग जरा बरं वाटतं आणि तोवर यकृताचं नुकसान चालूच असतं. संशय आला तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. स्वित्झर्लंडमध्ये विषबाधेसाठी १४५ हा नंबर आहे. अळंबीची सालं-उरलेले तुकडे फेकू नका, ओळख पटवायला लागतात.

आणि हे सगळं जमलं तरी टोपली आधी पिल्त्सकोन्ट्रोलमध्ये न्या. बऱ्याच गावांत पालिकेने नेमलेला तपासनीस असतो, मोसमात ठरलेल्या वेळी बसतो आणि एकेक अळंबी हातात घेऊन बघतो. त्याला बुंध्यासकट अख्खी लागते, म्हणूनच वर उपटायला सांगितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका. घामेजून लगदा होतो. आमच्या कॅन्टोनमध्ये महिन्याच्या १ ते १० तारखेला वेचायची बंदी आहे, आणि एरवी माणशी दिवसाला २ किलोची मर्यादा. दुसरीकडे नियम वेगळे असतात, निघण्याआधी बघून घ्या.

घरी धुवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पातळ काप करून तुपात लसूण-मिरपुडीवर चांगलं शिजवा, कच्चं नको. गरम मसाला घालणार असाल तर बाजारातली पांढरी बटण मश्रूमच आणा, एवढी पायपीट कशाला? जास्त सापडली तर काप करून कडकडीत सुकवा आणि बरणीत भरा. वास ताज्यापेक्षा दाट होतो.