यूडायस प्लस भरताना या चुका टाळा: पटावरचे मूल पोर्टलवर हरवू देऊ नका

यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या शालेय माहितीच्या पोर्टलवर माहिती भरून प्रमाणित केली की काम संपले, असे समजणाऱ्या शाळा आजही भेटतात. प्रत्यक्षात त्या माहितीचा वापर तिथून पुढे सुरू होतो. मोफत पाठ्यपुस्तकांची मागणी, समग्र शिक्षा योजनेचे वार्षिक नियोजन, संच मान्यतेसाठी (शाळेची मंजूर शिक्षकपदे ठरवण्यासाठी) धरला जाणारा पट, या सगळ्याला हीच माहिती लागते. जिल्ह्याच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकाचे, म्हणजे पीजीआय-डीचे, बरेचसे गुणही याच माहितीवर ठरतात. हा निर्देशांक ६०० गुणांचा आहे. दोनशिक्षकी शाळेत संध्याकाळी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर निवडलेला एखादा चुकीचा पर्याय शेवटी जिल्ह्याच्या श्रेणीत उतरतो.

२०२२-२३ पूर्वी शाळा एकत्रित आकडे भरत असे: तिसरीत मुले इतकी, मुली इतक्या. त्या वर्षापासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली. २०२१-२२ मध्ये देशाचा शालेय पट २६.५२ कोटी होता, २०२३-२४ मध्ये तो २४.८० कोटी दिसला. मोजण्याची पद्धतच बदलल्याने या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही स्पष्ट केले आहे. महाराष्ट्राला पटाचा प्रश्न त्याआधीपासून चांगला माहीत आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांच्या विशेष पटपडताळणीत पटावर असलेली सुमारे २० लाख मुले वर्गात सापडली नव्हती. तेव्हापासून आपली सगळी यंत्रणा बोगस नावे शोधायला शिकली. आज मात्र मला मोठा धोका उलट्या बाजूने दिसतो. वर्गात बसलेले, पाढे म्हणणारे, खरेखुरे मूल नोंदीतून गळते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्याच प्रकारच्या आहेत.

पोर्टल आधी, रजिस्टर नंतर

बहुतेक घोळ टायपिंगचे नसतात. एकाच मुलाची जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, एक, आधार कार्डावर दुसरी आणि पोर्टलवर तिसरी अशी नोंद असते, आणि माहिती भरणारा शिक्षक हाताला लागेल तो कागद पाहून भरतो. काही जण तर आधार प्रमाणित व्हावे म्हणून आधारवर असेल तेच नाव, तीच तारीख पोर्टलवर टाकून मोकळे होतात. पोर्टलवर हिरवी खूण दिसते, पण दहावीच्या वेळी बोर्डाच्या अर्जात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यात फरक निघतो आणि पालक कचेऱ्यांचे उंबरे झिजवत बसतात.

जन्मतारखेचा प्रश्न सर्वांत जुना. महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण दाखल करताना गुरुजींनी अंदाजाने तीच तारीख लिहिली. आधार काढताना फक्त जन्मवर्ष सांगितले असेल तर तिथे १ जानेवारी लागलेली असते. नावाचेही तसेच. मराठीत ‘श्रद्धा’ एकच, पण रोमन लिपीत एका कागदावर दोन ‘डी’, दुसऱ्यावर एक. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले.

क्रम असा ठेवा: जन्मदाखला, त्यावरून जनरल रजिस्टर, त्याच्याशी जुळणारे आधार, आणि मग पोर्टल. रजिस्टर बरोबर आणि आधार चूक असेल तर दुरुस्ती आधार केंद्रावर करून घ्यायची. रजिस्टरच चूक असेल तर मुख्याध्यापकांनी स्वतःच्या अधिकारात खाडाखोड करायची नाही. नाव, जन्मतारीख, जात यांच्या बदलाला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि तो प्रस्ताव दहावीच्या तोंडावर पाठवण्यापेक्षा मूल पाचवीत असतानाच पाठवलेला बरा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जाणार आहे. ही मुले पहिलीत येतील तेव्हा अंदाजाने तारीख लिहिण्याची वेळच येऊ नये, म्हणून अंगणवाडीताईंशी आतापासून बोलून ठेवा.

जुने मूल नव्याने दाखल करणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाचा आधीच पेन, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, असतो. नव्या शाळेने तो क्रमांक आणि जन्मतारीख टाकून मुलाला इम्पोर्ट करायचे, म्हणजे त्याची जुनी नोंद आपल्या शाळेत ओढून घ्यायची असते. पण दाखल्यावर पेन लिहिलेला नसतो, जुन्या शाळेचा फोन लागत नाही, मुदत उद्या संपते. मग नवी नोंद केली जाते. आता त्याच मुलाच्या दोन नोंदी झाल्या: एक नव्या शाळेत शिकणारी, दुसरी जुन्या शाळेच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या पण पुढे कुठेच न घेतलेल्या मुलांच्या यादीत, पडून राहिलेली. तिला कोणी उचलले नाही की ती गळतीत मोजली जाते. मूल रोज शाळेत येते, आणि जिल्ह्याच्या अहवालात त्याने शाळा सोडलेली असते.

चौथी, पाचवी, सातवी, आठवी या शेवटच्या वर्गांवर हा प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखा येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा सगळा वर्गच्या वर्ग गावातल्या किंवा शेजारच्या हायस्कूलला जातो. प्राथमिक शाळेने आपले काम संपवलेले असते, हायस्कूलने सुरू केलेले नसते. मधल्या दोन-तीन महिन्यांत तो वर्ग कोणाचाच नसतो.

दाखला देताना त्यावर पेन ठळक लिहा आणि त्याच वेळी पालकांना ‘पुढे कोणत्या शाळेत?’ हे विचारून वहीत टिपून ठेवा. नव्या शाळेने दाखला घेताना पेन नसेल तर आधार क्रमांक आणि जन्मवर्ष देऊन तो पोर्टलवर शोधायचा. नवी नोंद हा शेवटचा उपाय, आणि तोही मूल खरोखर पहिल्यांदाच शाळेत येत असेल तरच. दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. फीसाठी दाखला अडकवून ठेवणाऱ्या शाळेकडून मूल आले तर त्याला वर्गात घ्या आणि इम्पोर्टची विनंती केंद्रप्रमुखांमार्फत (परिसरातल्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, पर्यवेक्षक) लेखी पाठवा. नवी नोंद करून प्रश्न सुटत नाही, तो जुन्या शाळेच्या गळतीत जाऊन बसतो.

केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत यासाठी अर्धा तास काढला तर निम्मा ड्रॉपबॉक्स तिथेच रिकामा होतो. प्राथमिकचे मुख्याध्यापक आणि हायस्कूलचे लिपिक समोरासमोर बसले आणि नावे वाचली की कोण कुठे आहे ते कळते. फोनवर आठवडे जातात ते काम चहा होईपर्यंत उरकते. दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलेली मुले शाळांच्या यादीत सापडणार नाहीत. त्यांचा ठावठिकाणा शाळेच्या दप्तरी लिहून ठेवा, म्हणजे पडताळणीच्या वेळी उत्तर तयार असते.

स्थलांतरित मुलाला ‘शाळा सोडली’ म्हणणे

दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकातही जातात. घरी आजी असेल किंवा गावात हंगामी वसतिगृह चालू असेल तर मूल मागे राहते, नाहीतर बैलगाडीत बसून तेही जाते. हजेरीपटावर सलग गैरहजेरी दिसते, आणि कोणीतरी त्याच्या नावापुढे ‘दाखला न घेता शाळा सोडली’ हा पर्याय निवडतो. एप्रिलमध्ये मूल परत येते तेव्हा त्याचे नाव यादीत नसते.

अशा मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे. मूळ शाळेने ते भरून पालकांच्या हातात द्यायचे, पोहोचलेल्या ठिकाणच्या शाळेने ते पाहून दाखल्याशिवाय वर्गात बसवायचे, आणि परत जाताना प्रगती लिहून पाठवायचे. ही तात्पुरती हजेरी म्हणजे नवा प्रवेश नव्हे, त्यामुळे साखर कारखान्याजवळच्या शाळेने त्या मुलाची पोर्टलवर नवी नोंद करू नये. कुटुंबच कायमचे हलले असेल तर गोष्ट वेगळी, मग रीतसर इम्पोर्ट करा. कोणते कुटुंब हंगामी आणि कोणते कायमचे, हे संगणकाला कळत नाही. ते वर्गशिक्षकाला कळते, म्हणून हा पर्याय वर्गशिक्षकाला विचारल्याशिवाय कोणी निवडू नये. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या मुलांनाही हेच लागू.

आधार नाही, म्हणून नोंदच नाही

आधार नसल्याच्या कारणावरून मुलाचा शाळाप्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. आधार नसलेल्या मुलाचीही पोर्टलवर नोंद होते आणि त्यालाही पेन मिळतो. तरी ‘आधार आल्यावर भरू’ म्हणून नावे मागे ठेवली जातात आणि तशीच राहून जातात.

दुसऱ्या बाजूला, संच मान्यतेत आधार प्रमाणित पटाला महत्त्व आल्यापासून याची झळ शाळेलाही बसते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पटाला तीन. संच मान्यतेचे राज्याचे निकष शासन निर्णयांनी बदलत असतात, पण अशा सीमेवरच्या शाळेत एका मुलाचे नाव न जुळल्याने एका शिक्षकाचे पद धोक्यात येऊ शकते, आणि त्याचा फटका उरलेल्या सगळ्या वर्गाला बसतो. म्हणून न जुळणाऱ्या नावांची यादी जून-जुलैतच काढा. वयाच्या ५ आणि १५ व्या वर्षी आधारचे बायोमेट्रिक अद्ययावत करावे लागते. कोणत्या मुलाचे बाकी आहे ते पोर्टलवर दिसते, तेवढी नावे काढून आधार केंद्राचा एक दिवस शाळेतच लावून घ्या. अपार आयडीला, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींच्या देशपातळीवरच्या क्रमांकाला, पालकांची संमती लागते. संमतीपत्र घेतल्याशिवाय उद्दिष्ट पूर्ण करण्याची घाई करू नका.

एक्सेलमध्ये बिघडणारे आकडे

शाळेचा यूडायस कोड ११ अंकी, पेनही ११ अंकी. आधार १२ अंकी, अपारही १२ अंकी. राज्याच्या सरल प्रणालीतला विद्यार्थी आयडी १९ अंकी. रकाने अदलाबदल होतात ते यामुळेच. एक्सेल १५ पेक्षा जास्त अंक जपत नाही, त्यामुळे सरल आयडी आकडा म्हणून टाकला की शेवटचे चार अंक शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. माहिती टाकण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. आणि मुलांच्या आधार क्रमांकांच्या याद्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे आजच थांबवा. शेकडो लोकांच्या फोनमध्ये लेकरांची नावे, जन्मतारखा आणि क्रमांक पडून राहतात, आणि याला सोय म्हणता येत नाही.

‘आहे’ आणि ‘चालू आहे’

सुविधांच्या भागात एकूण किती आणि वापरण्यायोग्य किती, हे वेगवेगळे विचारलेले असते. स्वच्छतागृह, नळ, संगणक, वीज, सगळीकडे मागच्या वर्षीचेच आकडे पुढे ओढले जातात. दरवाजा तुटलेले मुलींचे स्वच्छतागृह ‘वापरण्यायोग्य’ लिहिले की त्या शाळेला दुरुस्तीचा निधी मागण्याचे कारणच उरत नाही. भरण्याआधी शाळाभर एक फेरी मारा, शक्य असेल तर सातवी-आठवीच्या मुलींना विचारा. कोणते दार लागत नाही हे त्यांना नेमके ठाऊक असते.

दिव्यांगत्वाच्या रकान्यात ‘नाही’ हा पर्याय सवयीने निवडला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि अध्ययन अक्षमता, मंददृष्टी, बोलण्यातल्या अडचणी वरवर पाहून कळत नाहीत. नोंद नसेल तर भत्ता नाही, साहित्य नाही, परीक्षेत सवलत नाही. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना विचारूनच हा रकाना भरा. प्रवर्गाबाबत तालुक्याने एकच लेखी सूचना द्यावी. केंद्र सरकारच्या नमुन्यातले प्रवर्ग राज्याच्या विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग या वर्गीकरणाशी एकास एक जुळत नाहीत, आणि प्रत्येक शाळेने आपापला अर्थ लावला की तालुक्याची बेरीजच चुकते.

शिक्षकांच्या नोंदीत बदली झालेल्यांना जुन्या शाळेने वेळेवर मुक्त करावे आणि प्रतिनियुक्तीवरच्या शिक्षकाचे नाव दोन ठिकाणी येणार नाही हे पाहावे.

न वाचता प्रमाणित करणे

प्रमाणित करण्याआधी वर्गनिहाय यादीची छापील प्रत काढा आणि वर्गशिक्षकाला हजेरीपट हातात घेऊन वर्गातच नावे ताडून पाहायला सांगा. पोषण आहाराचे रोजचे लाभार्थी पटापेक्षा जास्त दिसत असतील तर दोन्हीपैकी एक नोंद चूक आहे, आणि ती तपासणीत निघण्याआधी शाळेला सापडलेली बरी. तालुक्याच्या एमआयएस (माहिती व्यवस्थापन) समन्वयकांनी मागच्या वर्षीच्या तिसरीचा पट यंदाच्या चौथीच्या पटाशी लावून पाहावा. मोठा फरक दिसला की त्या शाळेला फोन करावा, संपूर्ण तालुक्याला खरमरीत पत्र पाठवू नये.

प्रमाणित झाल्यावर चूक लक्षात आली तर गप्प बसू नका. कोणत्या मुलाची कोणती नोंद, सध्या काय आहे आणि काय हवी, सोबत रजिस्टरच्या पानाची प्रत, एवढे लिहून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि गटस्तरावरून ती नोंद पुन्हा खुली करून घ्या. अर्जाची पोच शाळेच्या दप्तरात लावा. दुरुस्ती झाल्यावर नवी छापील प्रत काढून जुन्या प्रतीसोबतच ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर दुसरे कोणी असले तरी काय बदलले आणि का, हे त्यांना दिसेल.