हवेलीतल्या हॉटेलचा मुक्काम फसू नये म्हणून

राजस्थानातील शेखावाटीत एका जुन्या हवेलीतल्या हॉटेलात आम्ही दोन रात्रींचे पैसे आगाऊ भरून गेलो, तेव्हा जाहिरातीतली भित्तिचित्रांची खोली मिळालीच नाही. मिळाली ती मागच्या अंगाला सिमेंटने बांधलेल्या नव्या इमारतीतली, जिच्या खिडकीतून फक्त जनरेटर दिसत होता.

पर्यटन मंत्रालयाच्या हेरिटेज वर्गीकरणात बसण्यासाठी हॉटेलचे किमान निम्मे बांधकाम १९५० पूर्वीचे असावे लागते, म्हणजे उरलेले नवे असले तरी चालते. त्यामुळे आरक्षणापूर्वी आपली खोली मूळ वास्तूत आहे का, कितव्या मजल्यावर आहे आणि त्या तारखांना हवेलीच्या चौकात लग्न तर नाही ना, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे.

पोहोचल्यावर रजिस्टरवर सही करण्याआधी खोली पाहावी. उंच पायऱ्या, कपाळाला लागणारी चौकट, जाड भिंतींमुळे न मिळणारी मोबाइलची रेंज हा जुन्या वास्तूचा स्वभाव आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ओलीचे तसे नाही. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडून सुकते. त्यावर सिमेंट किंवा ऑइलपेंट चढवला की ती आतच कोंडते, मग खालच्या बाजूला पोपडे सुटतात आणि लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटतो. ही सरळसरळ देखभालीतली हयगय होय. आम्हाला दुसऱ्या रात्री मूळ हवेलीत खोली मिळाली, तेथे उदबत्तीचा वास संशय यावा इतका दाट होता आणि पलंगामागच्या भिंतीला लावलेला तळहात पांढरा होऊन आला. म्हणून पलंगामागे हात घालून पाहावा, गरम पाण्याचा नळ पाच मिनिटे सोडून ठेवावा.

दोष आढळल्यास त्याच वेळी छायाचित्रे काढून व्यवस्थापकाला संदेश पाठवावा आणि खोली बदलून किंवा पैसे परत मागावेत. निघताना काउंटरवर घातलेल्या वादाला पुरावा उरत नाही. बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेले असेल, तर ते काढायला सांगावे, कारण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला मनाई केली आहे. तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची असून, २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेच, दोन वर्षांच्या आत, तक्रार दाखल करता येते; म्हणजे हॉटेल राजस्थानात असले तरी पुणेकराला पुण्यातच दाद मागता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही पडत नाही.

आम्हाला मात्र तेथवर जावे लागले नाही. भिंतीचे छायाचित्र दाखवल्यावर व्यवस्थापकाने एका रात्रीचे पैसे परत केले. भित्तिचित्रांची खोली दोन्ही दिवस कुलपातच होती. ती लग्नाच्या फोटोंसाठी राखून ठेवल्याचे माळीकाकांनी सांगितले.