सोलापूरच्या घरात व्हीआर व्यायाम: खेळ रंगावा, घामही निघावा

चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला जाणाऱ्यांचाही नेम मोडतो. अशा दिवसांत घरातला व्हीआर व्यायाम, म्हणजे डोळ्यांवर पडद्याचा हेडसेट चढवून आभासी जगात खेळत केलेला व्यायाम, कामाला येतो. गाण्याच्या ठेक्यावर हात चालू लागले की वेळ कळत नाही. मात्र मांडणी चुकली तर आठवड्याभरात हेडसेट कपाटावर जातो.

मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३एससारखा वायरविना चालणारा हेडसेट घ्या. वजन अर्धा किलोच्या आसपास असतं. मागचा पट्टा कवटीच्या खालच्या फुगीर भागाखाली बसवा. तो वर राहिला तर सगळा भार गालांवर येतो आणि उडी मारताच चित्र पुसट होतं.

जागा किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी हवी. हेडसेटमध्ये आखलेली हद्द आजूबाजूच्या भिंतींपासून वाचवते, डोक्यावरच्या पंख्यापासून नाही. म्हणून कंट्रोलर (खेळताना दोन्ही हातांत धरायच्या मुठी) धरून हात पूर्ण वर करून पाहा, पातं जवळ वाटलं तर पंखा बंद ठेवा. टेबलफॅन समोर, हद्दीच्या बाहेर लावा. गार वाटतंच, शिवाय वारा तोंडावर आला की आपण कुठल्या दिशेला उभे आहोत तेही कळतं. घामाचे थेंब पडले की शहाबादी फरशी निसरडी होते, म्हणून रबरी मॅट घाला. चादर नको, ती पायाखालून सरकते. चादर टाकायचीच तर कपाटाच्या आरशावर टाका, कारण प्रतिबिंबामुळे हेडसेटच्या कॅमेऱ्यांचा अंदाज चुकतो आणि हात भलतीकडे दिसतात. खोलीत उजेड भरपूर हवा, पण हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन कधीच नको. भिंगातून एकवटलेलं ऊन पडदा जाळतं.

खरी गोम खेळण्याच्या पद्धतीत आहे. बीट सेबर या खेळात गाण्याच्या ठेक्यावर येणारे ठोकळे तलवारीने कापायचे असतात; एका ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण. त्यातले ७० ठोकळ्यापर्यंतच्या फटक्याला, ३० कापल्यावर हात पुढे नेण्याला आणि १५ मधोमध कापण्याला. हे गुण नुसतं मनगट फिरवूनही मिळतात, आणि बहुतेकजण तिथेच अडकतात: गुण चढतात, दम लागत नाही. फटका खांद्यातून मारा. खेळात समोरून भिंत आली की कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसा. बॉक्सिंगच्या खेळात हात हवेतच जातो, म्हणून कोपर शेवटपर्यंत ताठ करू नका, सांधा दुखतो. कंट्रोलरची दोरी मनगटात हवीच.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड दहा मिनिटं पुरेत. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्या. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम योग्य. मागच्या वेळचेच गुण ओलांडायचे, हे दर वेळचं लक्ष्य. अवघड पातळीवर घाईने उडी मारली तर हुरूप जातो.

जिथे आपण जागेवर आणि दृश्य मात्र पळतं, असे खेळ सुरुवातीला टाळा. मळमळ बहुधा त्यानेच होते. वाटू लागली की लगेच थांबा, रेटू नका. फिट येण्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हेडसेटच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या भागाला सिलिकॉनचं कव्हर लावा, प्रत्येक वेळी पुसा. भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसा, स्पिरिटने त्यांच्यावरचा थर उडतो. उन्हाळ्यात सकाळी सहा-सातचीच वेळ धरा. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत हेडसेट तापून मध्येच बंद पडतो.