जुना रास्पबेरी पाय सुरू करताना

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक. आधी बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचा. २०१४ चा ‘मॉडेल बी प्लस’ असेल तर ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीम चालणारच नाही. ‘रास्पबेरी पाय ओएस’ची ३२-बिट ‘लाइट’ (डेस्कटॉप नसलेली) आवृत्ती मायक्रोएसडी कार्डावर चढवा. ५१२ एमबी रॅममध्ये डेस्कटॉप नुसता रखडतो. वायफाय नाही, लॅन केबल जोडा.

आणि चार्जर! माझ्या मते निम्मी डोकेदुखी तिथेच असते (मी उगाच दोन कार्डं बदलली होती). लाल दिवा मध्येच विझत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय. आधी केबल बदला, जाड आणि आखूड घ्या. लाल दिवा स्थिर, पण हिरवा लुकलुकतच नाही? बहुधा कार्ड वाचलं जात नाहीये. सिस्टीम पुन्हा चढवून बघा. बंद करताना मात्र वायर थेट उपटू नका, शटडाउन करा आणि हिरवा दिवा शांत होऊ द्या.