गच्चीसाठी सौर पॅनेल कसे निवडावे : सातारा-सांगलीच्या घरमालकांसाठी

पॅनेलचा प्रकार ठरवण्याआधी मागील बारा महिन्यांची महावितरणची बिले आणि गच्चीचे माप हाताशी घ्यावे. आपल्या भागात एक किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो आणि त्याला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. महिन्याला ३०० ते ३५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबास म्हणूनच तीन किलोवॉटचा संच पुरतो.

यानंतर सावली पाहावी. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य दक्षिणेकडे सर्वांत कललेला असतो, तेव्हा पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारचा नारळ यांची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत कोठवर येते, याच्या खडूने खुणा करून ठेवाव्यात. सावलीतली जागा वगळल्यावर जे क्षेत्र उरते, तेच खरे क्षेत्र होय, आणि पॅनेलची निवड बहुतांशी त्यावरच ठरते.

आता प्रकार. निळसर दिसणारे पॉलिक्रिस्टलाइन पॅनेल बाजारातून जवळपास गेले आहे. कोणी ते फारच स्वस्तात देऊ लागल्यास जुना साठा असण्याची शक्यता धरावी. पातळ थराच्या (थिन फिल्म) पॅनेलला तेवढ्याच विजेसाठी अधिक जागा लागत असल्याने घराच्या गच्चीवर त्याचा विचार सहसा करू नये. खरी निवड मोनो पर्क आणि त्याहून नव्या तंत्राचे टॉपकॉन या दोन मोनोक्रिस्टलाइन प्रकारांत आहे. सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशा एकाच मापात मोनो पर्क ५४० ते ५५० वॉटचे, तर टॉपकॉन ५७० ते ५८५ वॉटचे मिळते. जागा अपुरी असेल तर हा फरक मोलाचा ठरतो; गच्ची ऐसपैस असेल तर प्रति वॉट ज्याचा दर कमी, ते घ्यावे.

विक्रेते टॉपकॉनच्या बाजूने उष्णतेचा मुद्दा फार रंगवून सांगतात. तो खरा आहे, पण किती, हे गणित मांडून पाहावे. पॅनेलवर लिहिलेली क्षमता सेलचे (पॅनेलमधील वीज बनवणाऱ्या चकत्यांचे) तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. एप्रिलच्या दुपारी सांगलीत ते ६५ अंशांपर्यंत जाते, आणि वाढलेल्या प्रत्येक अंशामागे मोनो पर्कचे उत्पादन साधारण ०.३५ टक्के, तर टॉपकॉनचे ०.३० टक्के घटते. चाळीस अंशांच्या वाढीला ही घट अनुक्रमे १४ आणि १२ टक्के होते. दोन टक्क्यांच्या या फरकासाठी दहा-पंधरा टक्के जादा मोजणे मला पटत नाही. टॉपकॉनची दुसरी बाजू अधिक वजनदार आहे : उन्हात ठेवल्यावर सुरुवातीला मोनो पर्कमध्ये होणारी घट त्यात फारशी होत नाही आणि पुढील वर्षांतील घसरणही मंद असते.

दोन्ही बाजूंनी वीज बनवणारे बायफेशियल पॅनेल घेताना गच्चीचा पृष्ठभाग पाहावा. पांढऱ्या चायना मोझॅकच्या गच्चीवर, माणूस खालून जाईल इतक्या उंच सांगाड्यावर त्याचा लाभ मिळतो. पत्र्याला चिकटून बसवल्यास मागची बाजू अंधारातच राहते. दुहेरी काचेमुळे त्याचे वजनही प्रति पॅनेल तीन-चार किलोंनी वाढते, म्हणून कौलारू वा जुन्या बांधकामावर आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. ज्या जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तेथे उंच सांगाड्याच्या जाडीत आणि पायात काटकसर करणे धोक्याचे आहे.

अनुदान हवे असेल तर निवड आणखी आखडते. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकास एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला कमाल ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेस सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये आहेत. त्यासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे ‘डीसीआर’ प्रकारचे असावे लागतात. ते महाग पडतात, म्हणून दरपत्रकांची तुलना अनुदान वजा करूनच करावी. कुपवाडच्या कारखान्यास किंवा साताऱ्यातील दुकानास हे अनुदान नाही. मात्र पॅनेल शासनमान्य यादीत आहे की नाही, हे तेथेही विचारावे.

दरपत्रकात दोन हमी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात : पॅनेलमधील दोषांची हमी बहुधा बारा वर्षांची असते आणि उत्पादनक्षमतेची पंचवीस ते तीस वर्षांची. पंचवीस वर्षांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, पण पॅनेल बदलून मिळण्याच्या दृष्टीने पहिली हमी अधिक कामाची. पॅनेल धुण्यासाठी मधून चालायला वाटही राखावी, कारण ऊसपट्ट्यात पाचट जाळण्याच्या दिवसांत काजळी बसते आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहतात.

माल आल्यावर प्रत्येक पॅनेलच्या मागील अनुक्रमांक बिलाशी आणि डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. हे काम पॅनेल सांगाड्यावर चढण्यापूर्वीच उरकावे, कारण नंतर तो अनुक्रमांक वाचता येणे कठीण होते.