रग घ्यायचाय? रंग नंतर बघू, आधी पावसाळ्याचं बोला

रग, म्हणजे लादीवर अंथरायचा गालिचा, घ्यायला निघालेली माणसं बहुतेक वेळा रंगापासून सुरुवात करतात. सोफ्यासमोर शोभतोय का, पडद्यांशी जातोय का, झालं, घेतला. मी म्हणेन रंग सगळ्यात शेवटी ठेवा. आपण ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत राहतो, इथे पहिले प्रश्न दोनच: रोज केर-लादीच्या वेळी हा उचलणार कोण, आणि जून ते सप्टेंबर हा राहणार कुठे. याची उत्तरं घरात नीट ठरली की साइझ, कापड, जाडी यातलं निम्मं आपोआप ठरतं आणि दुकानात जो ढीग पुढ्यात उलगडतात त्यातला बराचसा तिथल्या तिथे बाद होतो.

माप घेताना टेप सापडत नसेल तर अडून बसू नका. घरात २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतील (घोडबंदरचे बरेच टॉवर, खारघर-उलव्याकडच्या नव्या बिल्डिंगा) तर लादी हीच तुमची पट्टी. ४ बाय ६ चा रग म्हणजे २ टाइल बाय ३ टाइल, ५ बाय ८ म्हणजे अडीच बाय ४, ६ बाय ९ म्हणजे ३ बाय साडेचार. टाइल खरं तर ६० सेंटिमीटरची असते म्हणजे दोन फुटांना जरा कमीच, पण अंदाजाला पुरे. हल्ली मोठ्या टाइल्स पण बसवतात, त्यामुळे एक टाइल आधी मोजून घ्या. वाशी-नेरूळच्या जुन्या घरांत लहान मोझॅक लाद्या असतील तर तिथे मात्र टेप काढावाच लागेल.

हॉलसाठी साधा हिशोब. थ्री-सीटर सोफा साधारण साडेसहा-सात फूट. रग त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा फूट तरी बाहेर यायला हवा आणि सोफ्याचे पुढचे पाय रगवर यायला हवेत, म्हणजे लांबी ८ फूट. स्वस्त पडतो म्हणून ४ बाय ६ उचलला की हॉलच्या मधोमध मोठं पायपुसणं पडल्यासारखं दिसतं, सोफा एकीकडे, टीव्ही एकीकडे आणि हे मधे बिचारं. आता रुंदी. आपल्याकडचे हॉल १०-११ फूट रुंद, त्यात सोफा ३ फूट खातो, टीव्ही युनिट दीड खातं, उरले साडेपाच. ५ फुटी रग घेतला आणि एक फूट सोफ्याखाली सरकवला तर युनिटसमोर दीड फूट लादी मोकळी राहते, ड्रॉवर उघडतो, माणूस आडवा जाऊ शकतो. म्हणून नेहमीच्या टू-बीएचकेच्या हॉलला ५ बाय ८ हेच माप मला बरं वाटतं. ८ बाय १० चे रग फोटोत भारी दिसतात पण आपल्या हॉलमध्ये ते भिंतीपासून भिंतीपर्यंत जातात. चारही बाजूंनी थोडी लादी दिसली पाहिजे, नाहीतर रग राहत नाही, ऑफिसचं कार्पेट होतं.

पैसे टाकायच्या आधी एक करा. कपाटातली सिंगल बेडशीट काढा, ती बहुतेक ६० बाय ९० इंचांची असते, म्हणजे ५ बाय साडेसात फूट, जवळजवळ ५ बाय ८ चा रगच. सोफ्यासमोर अंथरा, कडांना चिकटपट्टी लावा आणि शनिवार-रविवार तशीच राहू द्या. पोरं कुठून पळतात, बाबा चहाचा कप कुठे ठेवतात, बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाताना पाय कुठे पडतो, सगळं कळतं. दार पण तेव्हाच बघा. मेन डोअर आत उघडत असेल आणि रग तिथवर येणार असेल तर दाराखालून मोबाइल आडवा सरकवून बघा, तो साधारण ८ मिलिमीटर जाड असतो. तो अडकला तर जाड रगाचा विषयच संपला.

बेडरूममध्ये लोक बेडखाली मोठा रग घालायला बघतात. बेडला खाली पाय असते तर ठीक होतं, पण आपल्याकडे बहुतेक घरांत स्टोरेजवाला, हायड्रॉलिक बेड, पोटात सगळ्या गोधड्या नि बॅगा. तो हलत नाही, खालचा रग निघत नाही, मग तिथे ओल धरते आणि वर्षाने कुबट वास कुठून येतोय ते शोधत बसायचं. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना २ बाय ५ चे लहान रनर (अरुंद, लांबट रग) टाका, सकाळी पाय त्यावरच पडतात, काम झालं. आणि डायनिंग टेबलाखाली टाकू नका. खुर्ची मागे ओढली तरी तिचे पाय रगवरच राहायला हवेत, त्यासाठी टेबलाच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट जास्त लागतात, म्हणजे ३ बाय ४ च्या टेबलाला ७ बाय ८ चा रग. तेवढी जागा कुणाकडे आहे, आणि असली तरी त्यावर आमटी सांडणार ती सांडणारच.

आता खरा मुद्दा, कापड. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊर नाहीतर पारसिकचा डोंगर, जुलैत आपल्याकडे कपाटातले चामड्याचे बूटसुद्धा पांढरे होतात, मग लादीला चिकटून पडलेल्या रगाचं काय होणार.

ज्यूट सगळ्यांना आवडतो, मलाही दिसायला आवडतो. पण तो हवेतलं पाणी पितो, ओला झाला की तपकिरी डाग धरतो, आणि खालच्या बाजूने बुरशी येते ती वरून दिसत नाही. तळमजला, पहिला मजला, भिंतीला ओल येणारं घर, इथे नकोच. हवाच असेल तर नोव्हेंबर ते मे टाका आणि मग गुंडाळून ठेवा. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा) तर अजिबात नको. दुकानात तो या नावाने भेटत नाही, आर्ट सिल्क, बांबू सिल्क अशा नावांनी येतो, चकाकतो, हाताला गारगार मऊ लागतो, आणि नुसत्या पाण्याचा ग्लास सांडला तरी डाग राहतो. लेबलवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

लोकर चांगली, यात वाद नाही. दाबली तरी परत वर येते, मळ पटकन आत शिरू देत नाही. ती स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी हवेतून शोषते तरी हाताला ओली लागत नाही, आणि गंमत तिथेच आहे, कारण आपल्याला वाटतं कोरडी आहे आणि ऑगस्टमध्ये मेंढीसारखा वास यायला लागतो. शिवाय कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. ती उजेडात नाही लागत, सोफ्याखाली सरकवलेला जो फूटभर भाग कुणी हलवत नाही तिथे लागते. वरचा मजला, खेळती हवा, महिन्यातून एकदा उलटापालटा करायची तयारी, हे असेल तर जरूर घ्या. सुरुवातीचे काही महिने केस गळतात, ते नॉर्मल आहे, घाबरून परत करायला जाऊ नका.

पॉलिप्रॉपिलिन म्हणजे शेवटी प्लास्टिकच, पण आपल्या हवेला तेच सगळ्यात कमी कटकटीचं. पाणी पीत नाही, चहा सांडला तर पुसला जातो, लहान मूल असेल तर डोळे झाकून हेच. दोन तोटे. जिथे रोज बसता-चालता तिथे काही वर्षांत चपटं होतं ते परत उठत नाही, आणि आच सहन होत नाही. आरतीच्या वेळी उदबत्तीचं जळकं टोक पडलं की तिथे कडक काळा ठिपका कायमचा.

माझं मत विचाराल तर सुती दरी, सतरंजी म्हणा. लोक तिला रग समजतच नाहीत, लग्नाच्या हॉलची आठवण येते म्हणे. पण आता हातमागावर सुंदर डिझाइनच्या मिळतात, दोन्ही बाजूंनी वापरता येतात, हलक्या असतात, पावसाळ्यात घडी घालून कपाटात जातात आणि गणपतीत दहा माणसं आरतीला आली की परत बाहेर येतात. ४ बाय ६ ची पातळ दरी वॉशिंग मशीनमध्ये बसते. ५ बाय ८ ची मात्र भिजली की दोघांनी धरून पिळावी लागते आणि पावसात वाळता वाळत नाही, त्यामुळे धुवायचं ते मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात. पहिल्या धुण्यात रंग जातो का ते कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून दुकानातच बघा.

शॅगी, म्हणजे ते लांब केसांचे, त्यावर मी जास्त लिहीत नाही. घोडबंदर रोडला लागून राहणाऱ्यांना धूळ म्हणजे काय हे सांगायला नको, ती सगळी त्या केसांत जाऊन बसते, रोबोट व्हॅक्यूम अडकतो, मुलांचे खेळण्यातले बारीक तुकडे तर सापडतच नाहीत. पाच-दहा मिलिमीटर जाडी भरपूर झाली.

दुकानात रग दाखवला की पहिल्यांदा उलटा करा. मागच्या बाजूला पुढचंच डिझाइन गाठी-गाठीने स्पष्ट दिसतंय, गाठी किंचित वाकड्यातिकड्या आहेत आणि झालर रगाच्याच उभ्या धाग्यांची आहे, तर तो हाताने गाठी मारून विणलेला. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे धागे टफ्टिंग गन नावाच्या हातयंत्राने कापडात घुसवून मागून लॅटेक्सच्या गोंदाने धरलेले. टफ्टेड वाईट नसतो पण हातविणीच्या भावाने घेऊ नका, आणि आपल्या उकाड्यात-दमटपणात तो गोंद काही वर्षांनी सुटतो, लादीवर पिवळसर भुगा पडायला लागतो. मागची वीण अगदी एकसारखी, झालर वेगळी शिवलेली, तर मशीनचा. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आणि म्हणून ते नाव प्रदर्शनात सगळेच घेतात, तेव्हा नाव ऐकून नाही, पाठ बघून पैसे द्या. लोकर खरी की नाही हे बघायचं तर झालरीतला एक सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन पेटवा. केस जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरडणारी राख म्हणजे लोकर, वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक, कागदासारखा भुर्रकन जळला तर सुती किंवा व्हिस्कोस.

आता उचलण्याचं. ५ बाय ८ चा टफ्टेड लोकरी रग सहज दहा किलोच्या वर जातो. मावशींनी तो रोज गुंडाळावा ही अपेक्षा चुकीची आहे, त्या कडेकडेने ओलं फडकं फिरवणार आणि कडा रोज भिजणार. अर्धा दुमडायचा, पुसायचं, पंख्याखाली लादी पूर्ण कोरडी झाली की उलगडायचा, मग दुसरी बाजू. हे होणार नसेल तर हलकाच घ्या. ओल्या लादीवर रग टाकणं हे रग खराब होण्याचं नंबर एक कारण, पाऊस नंतर येतो.

हलका रग गुळगुळीत टाइलवर सरकतो, त्यामुळे खाली जाळीचं अँटी-स्किड मॅट लागणारच, रगापेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान कापायचं म्हणजे बाहेर दिसत नाही आणि कड उचलली जात नाही. घरात आजी-आजोबा असतील तर बेडरूम ते बाथरूम या रस्त्यात काहीही टाकू नका, कितीही सुंदर असो. काठी कोपऱ्यात अडकली की संपलं.

रंगाबद्दल पटकन. आपल्या लाद्या बहुतेक क्रीम, त्यावर क्रीम रग हरवतो, गडद किंवा मधल्या शेडचा घ्या आणि बारीक नक्षी असेल तर उत्तमच, हळदीचे-चहाचे डाग त्यात खपून जातात. दुकानातल्या पांढऱ्या फटफटीत लाइटवर विश्वास ठेवू नका, घरच्या पिवळ्या लाइटखाली तोच राखाडी वेगळा दिसतो. केसाळ रग दोन्ही टोकांना उभं राहून बघा, एका बाजूने फिका, दुसऱ्या बाजूने गडद दिसतो, दारातून कुठली बाजू दिसणार ते ठरवा.

बघायला कुठे जायचं? तुर्भ्याला आयकिया २०२० च्या डिसेंबरपासून आहे, तिथे सगळे प्रकार हाताला लावून बघता येतात, फक्त मापं सेंटिमीटरमध्ये: १३३ बाय १९५ म्हणजे आपला ४ बाय ६ च्या जरा वर, १६० बाय २३० म्हणजे साधारण सव्वापाच बाय साडेसात. बेलापूरच्या सिडकोच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शन लागतं तेव्हा वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर येतात, दरी बघायला ती जागा चांगली, भाव करता येतो. किंमत विचारताना नेहमी स्क्वेअर फुटाने विचारा. ५ बाय ८ म्हणजे ४० स्क्वेअर फूट, ८ बाय १० म्हणजे ८०, दिसायला थोडाच मोठा आणि बिल बरोबर दुप्पट. ८ बाय १० ची गुंडाळी ८ फूट लांब होते हेही लक्षात ठेवा, वीस मजली टॉवरच्या लिफ्टमध्ये ती उभी जात नाही, तिरकी बसली तर बसली, नाहीतर जिना आहेच.

घ्यायची वेळ म्हणाल तर पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी सहा-सात महिने तो घरात कसा वागतो ते कळतं. जूनच्या आधी कडक ऊन दाखवा, घडी न घालता गुंडाळा, जुन्या सुती साडीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको कारण आतल्या आत दमट होतो, सोबत डांबरगोळ्या, आणि माळ्यावर ठेवा पण लीकेजच्या भिंतीला टेकवून नाही. ऑनलाइन मागवला असेल तर आल्यावर घड्यांच्या रेघा दिसतील, उलट्या बाजूने गुंडाळून रात्रभर ठेवला की बऱ्याच जातात. रबराचा वास मात्र आठवडाभर खिडकी उघडी ठेवूनही गेला नाही तर रिटर्न करा, त्यामुळे रिटर्नची तारीख आल्या दिवशीच बघून ठेवा, आणि तोवर पॅकिंग, टॅग आणि बिल टाकू नका.