नाणी शोधायला टिकाव नेऊ नका: या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कुणीतरी हौसेने मेटल डिटेक्टर घेतं आणि टिकाव खांद्यावर टाकून शेतात उतरतं. हे बघून आता खरंच वाईट वाटतं.

नाशिककडची काळी माती मे महिन्यात दगड होते. खुरपं शिरत नाही, म्हणून हात टिकावाकडे जातो. पण सुटं नाणं बहुधा वीतभराच्या आतच असतं आणि टिकावाचा घाव नेमका कुठे बसेल, हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

निफाडकडे मामांच्या शेतात मशीन वाजलं, तेव्हा मावसभावाला मी थांब म्हणालो होतो. "एकच घाव रे दादा," म्हणत त्याने घातलाच. ढेकूळ फुटलं, आत १९४४ चा भोकाचा पैसा. कडेपासून भोकापर्यंत चिरलेला. बाकी नाणं हिरवट-काळं आणि चिरेच्या कडा तेवढ्या लालभडक, ताज्या जखमेसारख्या. आजी तो तळहातावर घेऊन बराच वेळ बसली. असे पैसे पोरांच्या करदोट्यात ओवायचो, म्हणाली.

पाऊस पडेपर्यंत थांबलो असतो, तर तो अख्खा निघाला असता. पाणी जिरून जमीन वाफशावर आली, मुठीत दाबलेला गोळा टिचकीने फुटू लागला, की मगच मी खणतो. पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, जागा पक्की करतो, तिथून चार बोटं लांब खुरपं तिरकं घालतो आणि ढेकूळ खालून अख्खं उचलतो. माझं खुरपं आठवडे बाजारात लोहाराकडून घेतलेलं आहे. ऑनलाइन मिळणारं घडीचं फावडं घेऊ नका, चिकट मातीत त्याचा सांधाच आधी वाकतो.

दुसरी चूक लोखंडी घमेल्याची. उकरलेली माती त्यात टाकून वर डिटेक्टर फिरवलं, तर ते घमेल्यालाच वाजणार. प्लास्टिकचं घ्या, आणि खड्डा तपासताना खुरपंही दूर ठेवा.

चुंबकावर विसंबू नका. हल्लीचा स्टीलचा रुपया चिकटेल, तांबं-चांदी नाही.

खड्डा बुजवा. गुराचा पाय मोडतो.

शेतमालकाला विचारल्याशिवाय खणू नका. पांडवलेणीसारख्या संरक्षित जागी तर मुळीच नाही. आणि मडक्याचा काठ दिसला किंवा जुनी नाणी एकत्र दिसली, तर खुरपंही खाली ठेवा. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. क्षत्रप राजा नहपानाच्या कित्येक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. कुणाची सत्ता गेली नि कुणाची आली, ते त्या छापांवरून कळलं. असा छाप एका घावाने पुसला जातो. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आहे तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि अर्ज लिहायला घ्या.